वकिलाला ओ कोण देणार

अराबामावशी आमच्या असिन फोसू गावच्या बाजारात केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले गोळे, विकते. केंकी बरी असते, पण गल्लीत तिचं नाव झालं ते तिच्या आवाजामुळे. नवरा, क्वामिनाकाका, ओसरीवर शिवणयंत्र चालवायचा आणि मान वर न करता ओरडायचा, "अराबाऽ!" मागच्या अंगणातून, चुलीच्या धुरातून, उत्तर यायचं, "आले होऽ!" दिवसभर हेच. आमच्याकडे घड्याळ नसतं तरी चाललं असतं.

यंत्राशेजारी उघड्या पिंजऱ्यात काकाचा राखी पोपट बसायचा. लाल शेपटी, पांढरी नजर, गिऱ्हाइकांशी हुज्जत. म्हणून त्याचं नाव वकील. पिंजऱ्याला दार लावायची गरज नव्हती, कारण काका आपल्या कात्रीने त्याचे पंखही वेळच्या वेळी कापायचा.

काका ताप येऊन गेला. मावशीने काळे कपडे घातले, यंत्रावर चादर पडली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून काकाच्या आवाजात हाक आली, "अराबाऽ!"

आमच्यात विधवेने वर्षभर नवऱ्याच्या आवाजाला ओ द्यायची नसते. दिली, की त्याच्यामागे जावं लागतं. हाक पोपटाने मारली तर काय, हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही. काकाची थोरली बहीण मान्सा विधवेवर लक्ष ठेवायला येऊन राहिली होती. तिने निकाल दिला, "आवाज कुणाचा? माझ्या भावाचा. मग गप्प बसायचं."

मावशी गप्प बसली. वकील हाक मारायचा, ती पातेलं आदळायची. तो पुन्हा हाक मारायचा, ती दातात पदर धरायची. या गडबडीत पंख वाढताहेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. एका सकाळी वकील चार टांगा टाकून ओसरीच्या कडेला आला आणि सरळ बाजारामागच्या सावरीच्या शेंड्यावर जाऊन बसला.

आता हाक आख्ख्या गावावर पडायला लागली. काकाचा आवाज ऐकून भाजीवाल्या टोपल्या सोडून पळाल्या.

"पाखरं धरायला डिंकाच्या काठ्या लावतो, त्याला बोलवा," मान्सा म्हणाली.

"नको, पिसं उपटली जातील त्याची," मावशी म्हणाली. "आणि पकडला की तो विकेल. लांबच्या गावी कुणाच्या तरी घरी माझ्या नावाने हाका मारत बसेल तो. मला तो घरी हवा."

"हवाय कशाला? ओ तर देता येत नाही तुला."

"ऐकायला," मावशी म्हणाली.

आम्ही झाडाखाली तेलताडाची लाल फळं ठेवली. वकील उतरला, खाल्ली, बिया आमच्यावर टाकल्या आणि परत वर गेला. मग मी गळा बारीक करून ओरडलो, "आले होऽ!" वरून काकाच्याच आवाजात उत्तर आलं, "माप चुकलं!" बाजार हसला. मान्साही हसली, मग हसल्याबद्दल तिने स्वतःच्या तोंडावर चापट मारली.

दुसऱ्या दिवशी तो रस्त्यापलीकडच्या झाडावर होता. तिसऱ्या दिवशी रानाच्या कडेला. उत्तर मिळेना, म्हणून तो बिचारा लांब जाऊन शोधत होता. संध्याकाळी हाक आली ती इतकी बारीक, की मावशी हातातलं केळीचं पान टाकून धावली. आम्ही मागे.

"अराबाऽ," झाडीतून आवाज आला. दमलेला. शेवटच्या तापात काकाचा झाला होता तसा.

मान्साने तिचा दंड धरला. "नको गं बाई. आमचा एक गेला, पुरे झालं."

"उद्या ऐकूच आला नाही तर?"

"तर सुटलीस!"

मावशीने हात सोडवून घेतला. "आले होऽ!" ती ओरडली. इतके दिवस दाबलेला आवाज, फाटूनच निघाला. रानातली किरकिर थांबली. मान्सा मटकन खाली बसली. मी मावशीचे पाय जमिनीवर आहेत ना, ते बघत होतो. शाळा शिकलोय, तरी बघत होतो.

पंख फडफडले. वकील आला आणि तिच्या खांद्यावर बसला. तिच्या कानाशी चोच नेऊन हळूच म्हणाला, "पाणी आण गं. घसा सुकला."

काका गेल्यापासून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. ओ मिळाल्याशिवाय काका पुढचं बोलायचाच नाही, मग वकील तरी कसा बोलणार?

मावशी तशीच घरी चालत गेली आणि पाण्याने भरलेला भोपळ्याचा वाडगा घेऊन अंगणात उभी राहिली. गेलेल्याचं पाणी आमच्याकडे जमिनीवर ओततात.

"थोडं खाली ओत," मान्सा रडत म्हणाली, "थोडं त्याला दे."

"आधी कुणाला?" मावशीने विचारलं.

मान्सा माझ्याकडे बघायला लागली. मी पोपटाकडे.