पेणच्या फ्रीजमध्ये सापडलेली माझी पाकिटं

मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. पेणला माझ्या नणंदेच्या स्वयंपाकघरात, तिच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, मला माझीच पाकिटं सापडली.

वेळ एवढी नेमकी सांगते, कारण उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीला भास झाला.

डोळे तपासायला रोह्याहून पेणला गेले होते. वन्सं म्हणाल्या, आता जेवूनच जा. कोकम सरबतात बर्फ घालावा म्हणून मी कप्पा उघडला... आणि हात तिथेच राहिला.

पाकिटं माझीच, यात शंका नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला वह्यांना ब्राउन पेपर घालायला शिकवायच्या. एक कोपरा वाकडा गेला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. माशाच्या पाकिटाला मी आजही तीच घडी घालते. जिल्ह्यात अशी घडी घालणारी दुसरी कुणी असेल तर तिनं पुढे यावं.

माझी लेक ठाण्याला असते. अधूनमधून रोह्याला येते आणि जाताना मी तिला थर्माकोलचा डबा भरून देते. जिताडा, कोलंबी, मटण... पावसात बोटी बंद झाल्या तरी तिचं अडू नये म्हणून.

नुसतं पिशवीत कोंबून देत नाही मी. तुकडे धुऊन, पंच्यानं टिपून कोरडे करायचे. ताटात सुटे मांडून आधी कडक गोठवायचे, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. मग पिशवीत भरून, तोंड वर धरून पिशवी पाण्याच्या बादलीत बुडवायची... पाणी आतली हवा दाबून बाहेर काढतं. हवा राहिली की मासा पांढरा पडतो आणि चवीला पुठ्ठा लागतो.

कोलंबी डब्यात, पाण्यात बुडवून गोठवायची. मटणाचं हाड पिशवी फाडतं, म्हणून त्याला आधी जाड कागद. सगळ्यावर बटर पेपर आणि ती घडी. नंतर माझी कंबर दोन दिवस माझ्याशी भांडते.

आणि यातलं काही ठाण्याला पोचतच नव्हतं.

"वन्सं, ही पाकिटं इथे कशी?"

वन्सं आधी हसल्या. मग पदरानं तोंड पुसलं. "अगो, तुझी लेकच देऊन जाते. जाताना थांबते ना हितं... मी कशाला नाय म्हणू? घरबसल्या जिताडा!"

"कधीपासून?"

"तिची सासू राहायला आली तवापासून. सासूनं माळ घातलीय ना. फ्रीजात मासा नको म्हनली. पोरगी काय करील?"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला?" वन्संनी कालवणावरचं झाकण उचललं. "तुझी जीभ ठाऊक हाय तिला. तू त्या म्हातारीची फोनवरच खवली काढली असतीस."

माझी जीभ! म्हणजे खोटं बोलली लेक, लपवलं नणंदेनं, आणि दोष माझ्या जिभेचा.

मग जेवायला बसलो. ताटात जिताडाच होता... माझा. उन्हाळ्यात भरलेला, पण सकाळीच बाजारातून आणल्यासारखा. पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती आणि त्याचं मला काडीचंही सुख झालं नाही. वन्सं तोंडभर कौतुक करत होत्या. मी काटे काढत बसले.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडी गेलं... मला फक्त लेकीचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. "आई, जिताडा काय झाला होता गं!" "आई, कोलंबी संपलीसुद्धा!" त्या डब्यात डोक्याचा तुकडा मी नेहमी सगळ्यात वर ठेवायचे. लहानपणापासून तिला तोच लागतो.

संध्याकाळी तिचाच फोन आला. मी विचारलं, "गेल्या वेळचा जिताडा केलास का?"

"केला ना! चिंच घालून, अगदी तुझ्यासारखा. सगळ्यांनी बोटं चाटली."

सगळ्यांनी? सासूबाईंनीसुद्धा? अगदी ओठांवर आलं होतं. पण मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या त्या सुप्रसिद्ध जिभेनं आयुष्यात पहिल्यांदा ऐन वेळी दगा दिला.

कारण मला राग आला नव्हता, भीती वाटली होती. किती सहज बोलली ती! आवाज जरासुद्धा हलला नाही. मग बाकीचं काय? नोकरी मस्त, तब्येत मस्त, सासूबाईंशी मस्त जमतं... दर आठवड्याला मी हे ऐकते आणि निश्चिंत झोपते. त्यातलं खरं किती?

कुणी मासे खावेत, कुणी खाऊ नयेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सासूबाईंची माळ, त्यांचा नेम. मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण माझ्या मुलीला स्वतःच्या घरात "मला हे हवंय" म्हणता येत नाही, आणि "म्हणता येत नाही" हे आईलाही सांगता येत नाही... तर ती सांगते कुणाला?

म्हणून इथे लिहितेय. ती माझी प्रत्येक पोस्ट लाइक करते. वाचते की नाही, ते आता कळेल.

बाळ, येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवंय. फोन करू नकोस, फोनवर तू फार छान बोलतेस. मासे हवेत की नकोत, हे मी विचारतच नाहीये. ते आत्याला जाऊ देत, सुखानं खाऊ देत.

तू बरी आहेस का, एवढंच लिही. आणि नसशील, तर कृपा करून "मस्त" लिहू नकोस.