टँकरची रांग आणि दुसरीतली गौरी

मंडळी, आज शाळेतून फार थकून आले. मी लातूरकडच्या एका खेड्यात दुसरीचा वर्ग शिकवते. सुट्टीच्या वेळी माझ्या वर्गातल्या गौरीची आई तिला घेऊन आल्या.

"बाई, लेकराला रांग शिकवली, चांगलं केलं. सकाळी टँकरवर मी मधीच घुसू लागले होते, तर हिनं पदर धरून मागं नेलं. पाळी यायच्या आत पाणी संपलं. बाकीच्या लोकायला रांग कुणी शिकवावी?"

त्या रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या.

गौरीनं हळूच विचारलं, "बाई, उद्या काय करू?"

"रांगेतच थांब," मी म्हणाले. पण तिच्या आईकडं बघायचं धाडस झालं नाही.

तुम्ही त्या लेकराला काय सांगितलं असतं?