चवथीला हरवलेला खेळ

चवथीचा बाजार भरला, माटोळीचं सामान दिसू लागलं, की पार्से गावची ती चोरी मला हमखास आठवते. पोलीस खात्यातून निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. चवथीच्या पहिल्याच दिवशी दुपारी पन्नाशीतला एक गृहस्थ तक्रार द्यायला आला. पुण्यात नोकरी, गणपतीसाठी गावच्या घरी आलेला, संध्याकाळी परत निघणार. चोरीला काय गेलं? हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम!

ठाणे अंमलदाराने हसू दाबलं. मी मात्र चिडलो. सगळी माणसं बंदोबस्ताला, आणि हा खेळण्याची तक्रार घेऊन आलेला. पण त्याने किंमत सांगितली आणि अंमलदार सरळ बसला. याचा मामा बोटीवर होता. मुरगाव बंदरात उतरला की असाच खेळ घेऊन चवथीला यायचा. तेच जुनं मॉडेल याने कित्येक वर्षं शोधून परदेशातून मागवलं होतं. थोरल्या भावाला दाखवायला आणलं, पण हात लावू दिला नव्हता.

"खोक्यातून काढलं की किंमत उतरते, साहेब," त्याने मला समजावलं.

आम्ही घरी जाऊन पंचनामा केला. कपाटं, माळा, खोल्या पाहिल्या. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळं, भाज्या, नारळांच्या पेंडी बांधून गच्च माटोळी सजवली होती. तिला विसर्जनापर्यंत कोणी हात लावत नाही. आम्हीही लावला नाही.

तेवढ्यात शेजाऱ्याने बाजूला घेऊन खबर दिली. घर रंगवणारा पेंटर सकाळी दर्शनाला येऊन गेला, जाताना हातात पिशवी होती. पेंटर सिंधुदुर्गातला, त्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, भाड्याच्या खोलीत राहणारा. आम्ही त्याला गाडीत घालून आणला. पिशवीत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, निघाल्या.

"सायबांनु, वैनीन दिल्यान त्यो," तो सांगत राहिला. "तुमच्या गाडयेत बसताना अख्ख्या वाड्यान माका बघल्यान. आता माका घरात कोण घेतलो?"

उलटसुलट विचारूनही त्याचा जबाब बदलला नाही. पण दुसरा संशयित नव्हता आणि तक्रारदार बाहेर ठाण मांडून होता. मी पेंटरला बसवून ठेवला.

संध्याकाळी थोरला भाऊ आला. गावीच राहून काजूची बागायत सांभाळणारा. हातात डबा.

"पेंटराक जेवण हाडलंय."

नोकरीत मी नाना तऱ्हेचे लोक पाहिले. ज्याच्यावर चोरीचा संशय, त्याच्यासाठी घरचं भाज्यांचं खतखतं घेऊन कोणी येत नाही. मी त्याला बसायला सांगितलं.

"तेका सोडा, सायबा. वस्तू खंय जाणा नाय. विसर्जनाक गावतली."

"विसर्जनालाच? आज का नाही?"

त्याने डबा पेंटरसमोर नेऊन ठेवला. मी बाहेर बसलेल्या तक्रारदाराला, त्याच्या धाकट्या भावाला, आत बोलावलं.

"माटोळयेत आसा," थोरला खाली बघत म्हणाला. "आई गेल्यापासून तू एक दिस येतंस नि जातंस. मामा पण तसोच पळायचो. लहानपणी तेचो खेळ आपण माटोळयेत लपवायचो, मगे तो पाच दिस रवायचो. म्हटलं, तू पण रवशीत. तू पोलिसांत जाशीत, ह्या माका खंय ठावक होता!"

धाकट्याचे डोळे भरून आले. गैरसमजातून तक्रार दिल्याचं त्याने लेखी दिलं आणि बायकोला फोन केला, विसर्जनापर्यंत थांबतो म्हणून. मला दोघांचाही राग आला. पेंटर अजून बाकावर बसून होता आणि समोरचा डबा त्याने उघडला नव्हता. मी त्याला गाडीने घरी पोचवायला सांगितलं.

"गाडयेन नको," तो म्हणाला. "मी चलत जातंय."

विसर्जनानंतर मी त्या घरावरून गेलो. माटोळी उतरवली होती. दोघे भाऊ दारापुढच्या ओसरीवर, बाल्कांवात, खांद्याला खांदा लावून बसले होते, खेळ खोक्याबाहेर, आणि पाळीवरून चक्क भांडण चाललं होतं. बाल्कांवची भिंत तेवढी अर्धी रंगवायची राहिली होती. चवथीनंतर पेंटर ती पुरी करणार होता.

"दोनदा गेलंय तेच्याकडे," थोरला म्हणाला. "पाया पडलंय. येवक तयार नाय."

त्यानंतर गणवेश उतरवेपर्यंत मी नुसत्या संशयावर कोणाला लोकांदेखत गाडीत बसवलं नाही. चौकशीला बोलावायचं तर साध्या कपड्यांतला हवालदार पाठवला. वस्तू परत मिळते, प्रकरण मिटतं, पण वाड्याने पाहिलेलं पुसता येत नाही.

निवृत्तीनंतरच्या चवथीला पार्सेला गेलो होतो. धाकटा पाच दिवसांसाठी आला होता. भिंत तशीच अर्धी होती. थोरल्याने दुसरा पेंटर बोलावला नव्हता.