बाबांचा ळ

आज कुरियरवाल्याने दारातून ‘काले’ अशी हाक मारली आणि सदाशिव पेठेतली ती दुपार आठवली.

माझी नऊ वर्षांची मुलगी परदेशात, मुलांच्या आंतरराष्ट्रीय गायन स्पर्धेत उभी होती. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. पक्षाघाताने बाबांची जीभ जड झाली होती. नात त्यांच्याकडून रोज ‘बाळ, कमळ’ घोकून घ्यायची, पण ळ काही येत नव्हता.

परदेशी निवेदकानेही आमचं आडनाव ‘काले’च म्हटलं. मुलीने त्याला चक्क मराठीत सुनावलं, “काळे! जीभ मागे वळवा, येईल.”

“अगं, आधी गा!” बायको टीव्हीलाच म्हणाली.

तेवढ्यात बाबा स्पष्ट म्हणाले, “काळे.”

“श्श, बाबा. गाणं सुरू होतंय,” मी म्हणालो.

ते ओशाळले. पुढे ते चारच महिने होते. ळ पुन्हा आला नाही. मुलीला मी हे अजून सांगितलेलं नाही.