आबाजींनी गिळलेला वरवंटा

मुकुटबनहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं मला वणीच्या स्टँडवर गाठलं आणि सांगितलं, "मास्तर, आबाजी गेले. शेतातल्या खोपडीतच." मी शहाण्यासारखं विचारलं, "घरी, की खोपडीत?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तेच पुन्हा सांगितलं. मला ते वेगळं ऐकायचं होतं... कारण आबाजी घर सोडून खोपडीत राहायला गेले, ते माझ्या एका नाटकामुळे.

तेव्हा मी मुकुटबनच्या शाळेत मास्तर होतो आणि मला नाटककार होण्याची खाज होती. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. जिकडे तिकडे राज्यं बदलत होती, म्हणून मीही ग्रीक देवांचं राज्य बदलायला घेतलं. क्रोनस नावाचा देव बापाला पाडून गादीवर बसतो. तुझं पोरही तुला असंच पाडील, अशी भविष्यवाणी असते, म्हणून तो जन्मलेलं प्रत्येक पोर गिळतो. शेवटी बायको झ्यूस नावाचं पोर लपवते आणि दुपट्यात दगड गुंडाळून नवऱ्याला देते. तो दगड गिळतो, आणि झ्यूस मोठा होऊन त्याला गादीवरून उतरवतो. क्रोनससाठी मी आबाजींना धरलं. त्यांचा आवाज असा, की मोटेवरून हाक मारली तर नाल्यापलीकडचे बैल थांबत. झ्यूस म्हणजे त्यांचा एकुलता एक दामू. बाप-लेकाला समोरासमोर उभं केलं की अभिनय शिकवायला नको, एवढीच माझी अक्कल.

गोष्ट ऐकून आबाजींच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "हे त आपल्या बारशातलंच हाय. वरवंटा नटवून पाळन्याखालून फिरवतो नाई का आपन?" आणि दामूच्या बारशात फिरवलेला वरवंटाच त्यांनी फडक्यात गुंडाळून आणून दिला. आबाजींनी तो हातात तोलला. "हा गिळाले सोपा हाय, मास्तर. जितं पोरगं कठीन."

त्यांच्या घरात त्या वर्षी धुसफूस चालली होती. दामूला विहिरीवर ऑइल इंजिन बसवायचं होतं, आबाजींना मोटच हवी होती, आणि बियाण्याच्या कोठीची किल्ली आबाजींच्या करदोड्याला. एकदा दामू माझ्यापाशी बोलून गेला, "आमच्या घरातले बैल बदलले मास्तर, हाकनारा नाई बदलला." मी ते वाक्य तसंच्या तसं झ्यूसच्या तोंडी घातलं. ग्रीक देवाच्या घरी बैल कुठून आले, हे कोणी विचारलं नाही. दामू पुढे असंही म्हणाला होता, "पन आबाजी बांधावर नसले, त पेरताना तिफन धराले भेव लागते मले." तेही मी वहीत लिहिलं होतं. मग खोडलं. देव कुठं भितो?

शाळेच्या संमेलनाच्या दुपारी अख्खं गाव पटांगणात होतं. आबाजींनी वरवंटा गिळल्याचं दाखवून अंगरख्यात सारला. पुढच्या प्रवेशात दामू ते बैलांचं बोलला. त्यावर आबाजींनी गर्जायचं होतं, ते गप्प. मी पडद्याआडून त्यांचं वाक्य दोनदा सांगितलं, पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. त्यांनी राजवस्त्राखालून करदोड्याची किल्ली सोडली, खरीच, दामूच्या हातावर ठेवली आणि लोकांतून वाट काढत चालू लागले. गावानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "ते बैलाचं तुमी लिवलं, का त्यानं?"

खोटं बोललो असतो तर निभावलं असतं. पण मी नाटककाराच्या तोऱ्यात म्हणालो, "शब्द दामूचे, आबाजी. मी फक्त मुकुट चढवला."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "म्या तरी माह्या बापाच्या हातचा कासरा मांगून थोडीच घेतला होता."

दुसऱ्या दिवशी ते खोपडीत राहायला गेले. वरवंटाही सोबत नेला. दामू म्हणे, "किल्ली साऱ्या गावासमोर देल्ली त्याहीनं. वापस करू त त्याहीचा अपमान." आबाजी म्हणत, "देल्लेली वस्तू मांगू कायले?" मी दोघांकडे खेपा घालत राहिलो. ते खोडलेलं वाक्य दर वेळी ओठांवर येई. पण ते सांगायचं, तर मीच कापलं हेही सांगावं लागणार... मग मी कपाशीवर बोलून परत येई. विहिरीवर इंजिन बसलं. त्याची फटफट खोपडीत चांगली ऐकू यायची.

दामूला मुलगा झाला, तेव्हा बारशाला आबाजी वरवंटा घेऊन आले. बायकांनी तो पाळण्याखालून फिरवला. आबाजी दामूला म्हणाले, "याले गिळजो नको." लोक हसले. दामू हसला नाही. त्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथंच थांबला. आबाजींनी तो पाहिला, वरवंटा काखेत मारला आणि शेताची वाट धरली.

तेराव्यानंतर दामू मला खोपडीत घेऊन गेला. आबाजींच्या खाटेवर बसला. मग म्हणाला, "मास्तर, ते भेवाचं म्या तुमाले सांगतलं होतं. नाटकात नाई आलं, चाललं. मागून तरी आबाजीच्या कानावर घातलं होतं का तुमी?"

मी कुडाकडे बघत म्हणालो, "नाही."

खाटेखालून फडक्यात गुंडाळलेला वरवंटा काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवला. "हे तुमच्या नाटकाचं सामान. घेऊन जा."

वरवंटा आता वणीत माझ्या टेबलावर आहे. फडकं मी सोडलेलं नाही. त्याच्याखाली नाटकाची वही आहे. त्या वाक्यावर मी एकच रेघ मारली होती, तीही बारीक. खालचं सगळं वाचता येतं.