कडू घास

पालमच्या बसस्टँडसमोर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मशीनपेक्षा माझं तोंड जास्त चालतं, असं नवरा म्हणतो, आणि ते खरंच आहे. त्या तोंडानंच हे सगळं झालं.

स्टँडच्या बाकड्यावर एक जण राहायचा. चाळिशीचा असेल, पण केसांच्या जटांमुळं म्हातारा दिसायचा. मी त्याला सकाळी चहा न् दुपारी भाकरी द्यायचे. द्यायचे म्हणजे काय, कागदात गुंडाळून बाकड्याच्या टोकाला ठेवायचे, "खा रे बाबा, सांडू नको," म्हणायचे आणि माघारी यायचे. बायका म्हणायच्या, लय पुण्य करायलीस गं. मग मी फुगायचे, खोटं कशाला बोलू? गंगाखेडची गाडी आली की तो उठायचा, दाराशी जाऊन उतरणाऱ्या बायांच्या तोंडाकडं बघायचा. मला वाटायचं, मागायला जायलाय. "मी देते की, मग कशाला हात पसरत फिरतोस?" म्हणून एकदा चांगलं झापलंही होतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या डोक्यात आलं, सणासुदीला ह्याला स्वच्छ करायचं. शेजारच्या कटिंगच्या दुकानातल्या भाऊंना गळ घातली. ते बिचारे तयार झाले. गरम पाणी, साबण, नवऱ्याचा जुना सदरा, सगळी तयारी केली. डोक्यात उवाच उवा होत्या, म्हणून मी म्हणाले, गोटाच करा. डोकं झालं, दाढी झाली. मिशीपाशी भाऊंचा हात थांबला.

"ताई, मिशी ऱ्हाऊ द्यावं का? मायबाप असतील त्याचे."

आमच्याकडं डोक्याबरोबर मिशी उतरवतात ती माय नाहीतर बाप गेल्यावर. हे मला काय ठाऊक नव्हतं? सासरे गेले तेव्हा नवऱ्याची उतरवलेली मी पाहिली होती. पण दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि मला घाई होती.

"काढा हो! त्याचं कोण बसलंय मरायला?"

त्याच्यासमोर म्हणाले. त्याला ऐकू येतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

भाऊंनी आरसा धरला. त्यानं डोक्यावरून हात फिरवला, मग ओठावरून, पुन्हा ओठावरून. मग माझ्याकडं बघून विचारलं, "माय गेली का?"

"अरे न्हाई रे बाबा, उवा झाल्या होत्या म्हणून काढलं."

"मला कुणी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "माय म्हनली, हितंच बस, मी आलेच, अन् गंगाखेडच्या गाडीत बसली. मी कुटं गेलो न्हाई."

तो गाडी आली की कशाला उठायचा, ते तेव्हा कळलं. "तुझी माय हाय रे, तिला काय झालंय!" मी उगीच ओरडले.

"तुमाला काय माहीत? तुमी कवा इचारलं का?"

नव्हतं विचारलं. कुणाची सून कुठं नांदते, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळ्या पालमची खबर ठेवणारी मी. ह्याला गाव कोणतं एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यानं अन्न सोडलं. भाकरी कुत्री न्यायची, चहावर साय धरायची. मी रागावले, हातापाया पडले. शेवटी म्हणाला, "घरात मयत झालंय. कडू घास कुणी दिला न्हाई, तर मी कसं खाऊ?"

ज्या घरात कुणी जातं त्या घरी चूल पेटत नाही. सोयरेधायरे पिठलं-भाकर घेऊन येतात आणि जवळ बसून खाऊ घालतात, तो कडू घास. आता करावं काय? घास द्यावा तर त्याची माय मेली हे मीच कबूल केल्यासारखं. न द्यावा तर हा डोळ्यांदेखत मरणार. मी भाऊंकडं बघितलं. ते म्हणाले, "ताई, आधी जीव वाचवा."

घरी जाऊन पिठलं केलं, गरम भाकरी थापली. बाकड्यावर त्याच्या शेजारी बसले, पहिल्यांदाच. घास मोडून त्याच्या तोंडापुढं धरला. "घ्या," मी म्हणाले. "गेलेलं माणूस येत न्हाई." त्याला अहो-जाहो कशी करायला लागले, कोण जाणे. त्यानं रडत रडत खाल्लं. स्टँडवरची माणसं बघत होती.

आता तो जेवतो. मी शेजारी बसल्याशिवाय मात्र नाही, म्हणून दुपारी मशीन बंद करून जाते. तो मायचं सांगतो. ती शेरडं राखायची, हिरवं लुगडं नेसायची, हसताना तोंडावर पदर धरायची. गावाचं नाव काही त्याला सांगता येत नाही. मिशी पुन्हा आलीय, चांगली दाट. पण गंगाखेडची गाडी आली तरी तो मान वर करत नाही.

मीच धावते. कात्री हातात तशीच असते. उतरणाऱ्या एकेका म्हातारीचं तोंड बघते, लुगडं बघते. हिरवं दिसलं की तिथंच थबकते. ती यावी म्हणून देवाला हात जोडते, आणि येईल म्हणून भीतीही वाटते. तिनं विचारलं, बाई, हितं मी माझं लेकरू बसवलं होतं, दिसलं का कुटं, तर काय सांगू? तो बघा, आजी, तिथंच बसलाय. तुमचा कडू घास त्याला मीच भरवला.