भिंतीवरचा चौथा कोपरा

हिमायतनगरपासून देगलूरपर्यंत सरळ रेघ मारता येणारा एकच माणूस जन्माला आला आणि तो आमच्या शाळेला चित्रकलेचा शिक्षक म्हणून मिळाला, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. सरांचं घराणं देगलूरचं, वडील दुकानांच्या पाट्या रंगवणारे. त्यामुळे सरांच्या खिशात पेनाऐवजी सरळ रेघ उमटवायची, निळीत बुडवलेली दोरी असायची. वाकडी पाटी दिसली की हा माणूस तिथेच थांबणार. माझ्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी सर दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तर साहेब स्टुलावर चढून मांडवावरची माझ्या नावाची पाटी सरळ करत होते. "नवरदेव तिरका दिसून राहिला होता," एवढंच म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले.

कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागद ही काय टिकायची चीज हाय का?" त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, पण नंबर मात्र घराच्या दारावर आतल्या बाजूने तेलरंगात लिहिलेले, तेही आकड्यांच्या सावलीसकट. "माझ्या मामूंनी नंबर बदलला तर यांनी अख्खं दार घासलं," असं त्यांच्या बेगम कपाळाला हात लावून सांगायच्या.

असा माणूस इंटरनेटच्या मागे लागला तो दहावीतल्या वैशालीमुळे. मी दहावीला विज्ञान शिकवतो. शाळेत दोन टॅब आहेत आणि फुकटात बघता येणारे उत्तम व्हिडिओ-पाठही आहेत. पण त्यांचा तो वीतभर लांब इंग्रजी पत्ता मी फळ्यावर लिहायचो आणि पोरं एकेक अक्षर टाइप करत बसायची. एक टिंब सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. पाठ उघडेपर्यंत घंटा व्हायची. एकदा सर वर्गात तक्ता लावायला आलेले असताना वैशाली वैतागून बोलली, "भाऊ तिकडं लातूरला क्लासात शिकून राहिला, अन् मी हितं टिंब शोधून राहिले." त्यांच्या घरात एकाच लेकराचं लातूर झेपणार होतं, ते भावाच्या वाट्याला गेलं होतं. मधल्या सुट्टीत सर माझ्या डब्यातली भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सर, पोरीला एका झटक्यात तिथं पोचवायचं. बोला, कसं?"

मी क्यूआर कोडचं सांगितलं. सगळ्या पाठांचं एक पान करायचं, कोडासमोर टॅब धरला की ते पान उघडतं. मी कोड छापून चिकटवला, तो भिंतीच्या ओलीने आठवड्यात गळून पडला आणि सरांना आनंदाचं भरतंच आलं. "भिंतीवर रंगवतो!" त्यांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. रोज शाळा सुटली की दोरी ताणून चौकोन आखायचे आणि काळा तेलरंग भरायचा. "तिसरी ओळ, दोन काळे, एक पांढरा!" असं अख्खी दहावी ओरडून मोजायची. माझं विज्ञान कुणी इतक्या जोरात कधी म्हटलं नव्हतं!

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी नारळ फोडला. वैशालीने टॅब धरला. काहीच नाही. जवळ जाऊन धरला, मागे सरकून धरला, तरी ढिम्म. मी छापलेला कागद भिंतीशेजारी धरला आणि बघतच राहिलो. क्यूआर कोडाला तीनच कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. भिंतीवर चार होते! तो चौथा सरांनी पोरं घरी गेल्यावर एकट्याने रंगवला होता.

"छापणारा विसरला होता," सर ठामपणे म्हणाले. "चौथा कोपरा बोडका ठेवून पाटी द्यायची? वालिद असते तर हात तोडला असता माझा."

मला हसू आवरेना. तेवढ्यात वैशाली हळूच म्हणाली, "राहू द्या सर, मी टाइप करीन." मी हसायचा थांबलो. सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि तो देखणा चौकोन स्वतःच्या हाताने पुसून टाकला. मग कागद डोळ्यांशी धरून, छापणाऱ्याने जे जिथे ठेवलं होतं ते तिथेच ठेवत कोपरा पुन्हा भरला. वालिदांची माफी मागितली असावी, कारण ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी निरोपाचा हार गळ्यात असतानाच पोरांनी त्यांना वर्गात ओढत नेलं. वैशालीने टॅब धरला आणि पान उघडलं! काय गलका झाला म्हणून सांगू! मी स्वतः बाकावर चढून टाळ्या वाजवत होतो. सर तेवढे वैशालीजवळ जाऊन वाकले.

"पोचलीस का, बेटा?"

"हाव सर, पोचले," ती म्हणाली, पण मान वर केली नाही. तिचा पाठ सुरू झाला होता.

सर आता देगलूरला असतात. दर सोमवारी बरोबर माझ्या तासाला त्यांचा फोन येतो. "उघडून राहिलं का?" मी म्हणतो, हाव. "मग ठेवा फोन, तास चालू हाय." आणि ठेवूनही देतात. तुम्हाला तिकडं करमतं का सर, एवढं विचारायचं दर सोमवारी माझ्या ओठांवर असतं, आणि दर सोमवारी ते राहूनच जातं.